टर्बो किट विकत घ्यावे की स्वतः बांधावे: १९९५ च्या मिआटाच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायला सुरुवात होण्याआधी गाडी गॅरेजात आणून जॅक स्टँडवर चढवली आहे. आता एप्रिलपर्यंत ती बाहेर निघणार नाही, त्यामुळे बराच काळ मनात असलेला प्रश्न सावकाश सोडवायला संपूर्ण हिवाळा हाताशी आहे. गाडी १९९५ ची माझदा मिआटा आहे. अमेरिकेबाहेर बऱ्याच देशांत हीच गाडी एमएक्स-५ या नावाने ओळखली जाते. १.८ लिटरचे बीपी इंजिन, क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) १२८ अश्वशक्ती, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण, ९ ला १ आणि वजन हजार किलोंच्या थोडे वर. तिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप, बसवायचा हे ठरलेले आहे. ठरायचे आहे ते इतकेच की, तयार किट मागवावे, की एकेक सुटा भाग जमवून आणि उरलेले स्वतः घडवून ते काम करावे.

उद्दिष्ट आधी लिहून ठेवतो, कारण ते लिहिले नाही तर खर्च त्याला हवा तिकडे ओढत नेतो. चाकांवर १८० अश्वशक्ती, म्हणजे क्रँकवर साधारण २०५. साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर दिवसभर चालवून त्याच गाडीने घरी परत येता आले पाहिजे. याहून जास्त शक्ती नको, कारण या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, हीच त्याची खरी मर्यादा आहे. चाकांवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण २३० फूट-पाउंडांच्या पुढे गेला की रॉड वाकण्याचा धोका सुरू होतो, असे ही इंजिने वर्षानुवर्षे चालवणारे बहुतेक लोक मानतात. रॉड वाकतो तो सिलिंडरमधल्या दाबाने, आणि कमी फेऱ्यांवर अचानक येणाऱ्या टॉर्कमध्ये तो दाब सर्वांत जास्त असतो. म्हणून वरच्या फेऱ्यांवरचा मोठा आकडा मला तितका भीतिदायक वाटत नाही, जितका मिनिटाला ३००० फेऱ्यांवर भसकन येणारा बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, वाटतो.

१६ नोव्हेंबर २०२४

मूळ इंजिन या कामाच्या लायकीचे आहे का, हे आधी पाहिले. गरम इंजिनावर चार सिलिंडरांतला कॉम्प्रेशनचा दाब १७८, १७५, १८० आणि १७६ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आला. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे हेच त्यात महत्त्वाचे. हवेच्या गळतीची चाचणीही समाधानकारक आहे. १९९४ पासूनच्या गाड्यांना मागचा डिफरन्शिअल (मागच्या चाकांना शक्ती वाटणारा गिअर) ७ इंची आणि क्लच २१५ मिमीचा आहे, आधीच्या १.६ लिटरच्या गाड्यांना ते ६ इंची आणि २०० मिमीचे होते. माझ्या उद्दिष्टासाठी डिफरन्शिअल पुरेल. क्लच पुरणार नाही, पण तो किट घेतले काय आणि बांधले काय, बदलावाच लागणार असल्यामुळे तुलनेतून वगळतो.

याच घराण्यातले १.८ लिटरचे इंजिन माझदाने जपानमधल्या फॅमिलिया जीटी-एक्स या गाडीत कारखान्यातूनच टर्बोसह दिले होते, आणि २००४-०५ च्या माझदास्पीड एमएक्स-५ मध्ये १७८ अश्वशक्तीची टर्बो आवृत्ती विकली होती. ब्रिटनमध्ये तर १९९० सालीच बीबीआर या कंपनीचे १५० अश्वशक्तीचे टर्बो रूपांतर माझदाच्या वितरकांकडून मिळत असे. म्हणजे या इंजिनाला माफक बूस्ट झेपतो हे सिद्ध झालेले आहे. प्रश्न तो कोणत्या मार्गाने द्यायचा, एवढाच आहे.

२३ नोव्हेंबर २०२४

आज फक्त गणित केले. १८३९ घन सेंटिमीटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले आकारमान भरून घेते. ६५०० फेऱ्यांना आणि भरण्याची क्षमता ९० टक्के धरून ते मिनिटाला सुमारे ५,३८० लिटर, म्हणजे साधारण ६.६ किलो हवा ओढते. मिनिटाला एक पाउंड हवेमागे क्रँकवर दहा अश्वशक्ती, हा या धंद्यातला जुना ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार २०५ अश्वशक्तीसाठी ९.३ किलो हवा लागेल, म्हणजे हवेची घनता १.४१ पट व्हायला हवी. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात शिरण्याच्या वाटेत, हवा ४५ अंश सेल्सिअसला पोहोचते असे धरले, तर दाबाचे गुणोत्तर १.५६ येते. थोडक्यात बूस्ट सुमारे ८ पीएसआय.

फिल्टरमधली ओढ आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधली घट जमेस धरता कंप्रेसरला, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूला, प्रत्यक्षात १.६५ च्या आसपासचे गुणोत्तर निर्माण करावे लागेल. ७० टक्के कार्यक्षमतेने हे काम करताना बाहेरच्या २५ अंशांची हवा कंप्रेसरमधून ९० अंशांना बाहेर पडते. इतकी तापलेली हवा ९ ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनात सरळ सोडणे म्हणजे नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनाला बसणाऱ्या ठोक्यांना, आमंत्रण देणे होय. त्यामुळे इंटरकूलर ऐच्छिक राहत नाही.

इंधनाचे गणितही असेच सरळ आहे. टर्बो इंजिनाला तासाला प्रत्येक अश्वशक्तीमागे ०.६ पाउंड पेट्रोल लागते असे धरले, तर एकूण ५६ किलो, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरमागे १४ किलो होते. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये हा दंडक पाळला, तर मिनिटाला ४०० घन सेंटिमीटरच्या वरचे इंजेक्टर लागतात. मूळ इंजेक्टर तिथवर पोहोचूच शकत नाहीत, आणि मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, बूस्ट ही गोष्टच ठाऊक नाही. इंधनदाब वाढवणारा रेग्युलेटर लावून वेळ मारून नेण्याची पद्धत नव्वदच्या दशकातल्या किटांत सर्रास होती. ती मला मान्य नाही.

टर्बोची निवड दोन्ही मार्गांत एकच राहते: गॅरेटचा जीटी२५६०आर. नावातला ६० हा कंप्रेसर चक्राचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो आणि शेवटचा आर बॉल बेअरिंग असल्याचे. त्याच आकाराचे नकली टर्बो दोनशे डॉलरलाही मिळतात, परंतु मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणाऱ्या चक्राच्या तोलाबाबत मी काटकसर करणार नाही.

३० नोव्हेंबर २०२४

किटचे कोटेशन आले. टर्बो, ओतीव मॅनिफोल्ड (इंजिनातला एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा भाग), डाऊनपाइप (टर्बोमधून तो पुढे नेणारा पाइप), इंटरकूलर आणि त्याचे पाइप, तेलाच्या व पाण्याच्या नळ्या, इंजेक्टर, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू आणि त्यात आधीच भरलेला इंधन व इग्निशनचा नकाशा (किती पेट्रोल द्यायचे आणि ठिणगी कधी पाडायची याचा तक्ता), असे सगळे धरून ५,८०० डॉलर. सुट्या भागांची माझी यादी, मॅनिफोल्ड आणि डाऊनपाइप स्वतः वेल्ड करायचे धरून, ३,९०० डॉलरवर थांबते. फरक १,९०० डॉलरांचा आहे आणि तो लहान नाही.

पण या फरकात काय काय दडलेले आहे ते पाहायला हवे. माझ्याकडे टिग वेल्डिंगचे, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणाखाली वेल्ड करण्याचे, यंत्र नाही. स्टेनलेस पाइपच्या आतल्या बाजूने आर्गॉन सोडल्याशिवाय सांध्याच्या मुळाशी चांगला वेल्ड होत नाही, म्हणजे यंत्राबरोबर आर्गॉनची टाकी, दुसरा रेग्युलेटर आणि पाइपांची तोंडे बंद करण्याचे साहित्यही लागते. साधारण बऱ्या दर्जाचे हे सगळे घ्यायचे, तर फरकातला मोठा वाटा तिथेच संपतो. यंत्र पुढेही उपयोगी पडेल हे खरे आहे, आणि शिकण्याची इच्छाही आहे. तरी शिकाऊ हाताचा पहिला वेल्ड ज्या भागावर व्हावा, त्या भागांत मॅनिफोल्ड शेवटचा असला पाहिजे.

७ डिसेंबर २०२४

मॅनिफोल्डचा विचार आठवडाभर केला, कारण संपूर्ण निर्णय त्याच्यावरच उभा आहे.

पूर्ण भारावर एक्झॉस्टचा वायू ८०० अंशांच्या वर जातो आणि मॅनिफोल्ड लाल होतो. ३०४ जातीचे स्टेनलेस ७०० अंशांनी तापवले तर मीटरला सुमारे १२ मिमी वाढते. ओतीव लोखंड साधारण ८ मिमी वाढते. इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे ज्या अॅल्युमिनियमच्या हेडला हा मॅनिफोल्ड घट्ट बांधलेला असतो, ते मात्र पाण्यामुळे १०० अंशांच्या आसपासच राहते आणि मीटरला जेमतेम २ मिमी वाढते. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की मॅनिफोल्डला लांब व्हायचे असते आणि हेड त्याला धरून ठेवते. ही ओढाताण शेवटी तीन ठिकाणी बाहेर पडते: वेल्डच्या कडेला तडा, फ्लँजचा (जोडाच्या चपट्या कडेचा) बाक, किंवा टर्बोला धरणारे स्टड (आटे असलेले खिळे) सैल होणे. टर्बो लावलेल्या मिआटांमध्ये स्टड सैल होण्याची तक्रार इतकी जुनी आहे की, तापल्यावरही ताकद टिकवून धरणाऱ्या इन्कोनेल मिश्रधातूचे स्टड हा तिच्यावरचा प्रस्थापित उपाय झालेला आहे.

नळ्या वाकवून, जोडून केलेला मॅनिफोल्ड दिसायला देखणा असतो आणि वायूचा प्रवाहही त्यात चांगला राहतो. पण त्याला वेल्डचे दहा-बारा सांधे असतात, आणि त्याखाली टर्बोचे वजन लोंबकळत असते. आधाराचा कंस कुठे आणि किती लवचीक असावा, हे कागदावर कळत नाही. एक बांधावा, ट्रॅकवर फोडावा, कुठे फुटला ते पाहून दुसरा बांधावा, हा तो शिकण्याचा एकमेव मार्ग आहे. किट विकणाऱ्याने तो मार्ग माझ्या आधी, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्यांवर चाललेला असतो. किटच्या किमतीत धातूपेक्षा हा फोडून शिकण्याचा खर्चच जास्त आहे, असे माझे मत आज पक्के झाले.

१४ डिसेंबर २०२४

कोल्हापूरला मामांना फोन केला. त्यांचे आयुष्य शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात गेले आहे, आणि मॅनिफोल्ड तिथून ओतून आणता येईल का, ही कल्पना माझ्या मनात घोळत होती. त्यांनी आधी धातू विचारला. मी साधे करडे ओतीव लोखंड म्हणालो, तर त्यांनी तिथेच थांबवले. एवढ्या उष्णतेला सिलिकॉन चार टक्क्यांपर्यंत आणि थोडे मॉलिब्डेनम असलेले एसजी लोखंड (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते) लागते, नाहीतर काही महिन्यांतच पापुद्रे सुटून ते फाटते, असे त्यांचे म्हणणे.

“एक नग ओतायचा म्हणजे काय रे? पॅटर्न करायचा, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स करायची, रायझर कुठं ठेवायचा ते ठरवायचं. पहिल्या हिटला नग नीट निघतोय होय? पंचवीस-तीस नग घेणार असशील तर सांग, आपण बसून बघू. एकासाठी मात्र तू तयारच घे, पोरा.”

मी म्हणालो, “मामा, पण तुमच्या हातचा असता तर मला त्याचा अभिमान वाटला असता.” त्यावर त्यांनी फक्त भिंतीची जाडी किती धरली होतीस, एवढेच विचारले, आणि माझे ४ मिमी ऐकून ५ च्या खाली जाऊ नकोस असे बजावले. ओतकामातल्या माणसाचे हे प्रेम मला समजते. मॅनिफोल्डचा विषय इथे संपला: तो ओतीवच असेल, आणि विकतचाच असेल.

२८ डिसेंबर २०२४

किटच्या यादीत नसलेल्या एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे, कारण दोन्ही मार्गांत तिचा खर्च सारखाच येतो आणि तुलनेत ती हरवून जाते. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांसाठी, आडवे बसवण्याकरिता आखलेले होते. तिथे पाणी एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडत असे. मिआटात ते उभे बसवताना पाण्याची बाहेर पडण्याची वाटही पुढच्याच बाजूला आली, आणि मागचा चौथा सिलिंडर तुलनेने तहानलेला राहिला. मूळ १२८ अश्वशक्तीला ते चालून जाते. टर्बो लावून ट्रॅकवर वीस मिनिटे सलग पळवायचे असेल, तर थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेऊन पाण्याची वाट बदलायला हवी. जो कोणी फक्त टर्बोच्या किमतीचा हिशेब मांडून या कामात उतरेल, त्याला मी कळकळीने सांगेन की, आधी पाण्याचा हिशेब मांडा.

दुसरी गोष्ट कायद्याची. मिशिगनमध्ये धुराची ठरावीक मुदतीची तपासणी नाही, पण प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकण्यावरची बंदी संपूर्ण देशाला लागू आहे. त्यामुळे डाऊनपाइपच्या पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर राहणारच. त्याने वाढणारा मागचा दाब मी हिशेबात धरला आहे.

४ जानेवारी २०२५

निर्णय झाला. “संपूर्ण किट की संपूर्ण स्वतःचे” अशी मांडणी केल्यामुळे इतके दिवस उत्तर सापडत नव्हते. प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारला तेव्हा ते सापडले: हा भाग बिघडला तर मला वेळेत कळेल का, आणि कळेपर्यंत तो इंजिनाचे काय करून ठेवेल?

इंटरकूलरचा पाइप निसटला तर मोठा फुस्स आवाज होतो, गाडीची ताकद जाते, आणि मी कडेला थांबून क्लिप आवळतो. तो भाग बांधावा. इंटरकूलर थोडा लहान पडला तर हवेचे तापमान सेन्सरवर दिसते आणि बूस्ट कमी करता येतो. तोही बांधावा. वायरिंग मीच करावे, कारण पुढे दोष शोधायचा आहे तो मलाच. याउलट मॅनिफोल्डचा तडा आतल्या बाजूने सुरू होतो, टर्बाइनमध्ये (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चक्रात) गेलेला धातूचा कण आवाज होण्याआधीच पाती खातो, आणि तेलाची नळी गरम डाऊनपाइपवर फुटली तर आग लागते. मॅनिफोल्ड, टर्बो, डाऊनपाइप, इन्कोनेल स्टड, तेलाच्या व पाण्याच्या नळ्या, हा सगळा तापणारा भाग एकाच विक्रेत्याकडून, एकमेकांशी जुळवून तपासलेला घ्यायचा. थंड बाजू, वायरिंग आणि ईसीयूचा नकाशा माझा.

ईसीयूबाबत थोडे अधिक लिहितो. ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो यांनी सुरू केलेल्या मेगास्क्वर्ट या हौशी लोकांसाठीच्या ईसीयूच्या परंपरेतला, मूळ जोडणीत सरळ बसणारा ईसीयू घेणार आहे. किटचा तयार नकाशा नाकारण्याचे कारण अहंकाराचे नाही. तो नकाशा चांगलाच असणार, पण तो त्यांच्या इंटरकूलरसाठी आणि त्यांच्या हवामानासाठी आहे, आणि उद्या इनटेकचे तापमान बदलले की त्यातला कोणता आकडा का बदलायचा हे मला सांगता येणार नाही. हे ज्ञान मला विकत मिळत नाही आणि ते मला हवे आहे.

एकूण खर्च आता ४,७०० डॉलरच्या आसपास येतो, म्हणजे किटपेक्षा हजारभराने कमी. खरे सांगायचे तर फरक शून्य असता तरी मी हेच केले असते.

१८ जानेवारी २०२५

भाग मागवले. टर्बोचा मालिका क्रमांक आल्यावर तपासून घ्यायचा आहे.

८ फेब्रुवारी २०२५

बाहेर उणे बारा अंश. गॅरेजात हीटर लावून इंटरकूलरची जागा मोजली. रेडिएटरच्या पुढे तो बसतो, पण रेडिएटरची हवा अडवतो. म्हणून जाड गाभ्याऐवजी पातळ आणि रुंद गाभा निवडला, आणि दोन्हींच्या कडेने पत्र्याची बंदिस्ती केली, जेणेकरून नाकातून आत आलेली हवा कडेने पळून न जाता दोन्हींतून जाईल. टर्बोकडून येणारा पाइप २ इंची, पुढे थ्रॉटलकडे जाणारा अडीच इंची. प्रत्येक टोकाला कड उठवून घेतली आहे, कारण गुळगुळीत टोकावरून सिलिकॉनची जोडनळी बूस्ट आला की निसटते.

या काळात एका जुन्या उदाहरणाचा खूप विचार केला. इथून तासाभरावरच्या लॅन्सिंगच्या ओल्ड्समोबिलने १९६२ साली जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला काढली होती. साडेतीन लिटरचे अॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती आणि कॉम्प्रेशन तब्बल १०.२५ ला १. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि अल्कोहोलचे मिश्रण फवारले जाई, आणि त्याची टाकी चालकाने स्वतः भरायची असे. अनेकांनी ती भरलीच नाही. पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्यात आला. अभियंत्यांची कल्पना उत्तम होती, पण ती चालकाच्या रोजच्या सवयीवर उभी होती. म्हणून माझ्या यंत्रणेत मी वेगळे काही भरत राहावे लागेल अशी एकही गोष्ट ठेवत नाही. पंपावरचे ९३ क्रमांकाचे पेट्रोल, जे भारतात वापरल्या जाणाऱ्या रिसर्च ऑक्टेनच्या मोजणीत साधारण ९८ भरते, तेवढ्यावरच ती सुरक्षित राहिली पाहिजे.

१ मार्च २०२५

तापणारा भाग बसवला. टर्बोमधून तेल परत येण्यासाठी ऑइल पॅनला भोक पाडताना ड्रिलला ग्रीस लावून कीस त्यातच धरला, आणि नंतर स्वस्त तेल ओतून पॅन धुऊन काढला. परतीची नळी जाड आहे आणि सतत उताराची आहे, कारण टर्बोमधून बाहेर पडणारे फेसाळ तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येते. आत जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर मात्र जेमतेम एक मिलिमीटरचे छिद्र असलेला रिस्ट्रिक्टर आहे. बॉल बेअरिंगच्या टर्बोला जास्त तेल दिले तर ते सीलमधून बाहेर येते.

मॅनिफोल्ड, टर्बो आणि डाऊनपाइप एकमेकांत न ओढता, न ताणता बसले. हे जुळणेच मी विकत घेतले होते.

५ एप्रिल २०२५

पावसाने रस्ते धुऊन निघाले आणि गाडी बाहेर आली. आधी बूस्टशिवाय, एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बघत नकाशाचा खालचा भाग भरला. मग बूस्टवर मर्यादा घालणाऱ्या वेस्टगेट झडपेच्या स्प्रिंगवरच, ५ पीएसआयला, हळूहळू वर गेलो. बूस्टखाली हवा-इंधन गुणोत्तर ११.५ च्या आसपास ठेवले आहे आणि इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मुद्दाम मागे.

१९ एप्रिल २०२५

शक्ती मोजणाऱ्या डायनो यंत्रावर चाकांवर १७६ अश्वशक्ती, बूस्ट ८ पीएसआय, सर्वाधिक टॉर्क १७० फूट-पाउंडांच्या आत. कागदावरच्या गणिताशी हे इतके जवळ येणे समाधानाचे आहे. ३००० फेऱ्यांच्या खाली बूस्ट मर्यादित ठेवला आहे. सलग तीन धावांनंतर इनटेकचे तापमान ४८ अंशांपर्यंत चढले, म्हणजे पातळ गाभा अपेक्षेपेक्षा थोडा लवकर तापतो. नकाशात ४५ अंशांच्या वर प्रत्येक पाच अंशांमागे इग्निशन क्रँकच्या एका अंशाने मागे घेण्याची सोय आजच केली.

गाडी थंड झाल्यावर टर्बोचे चारही स्टड तपासले. एकही हललेला नाही. साउथ हेवनला जाण्याआधी पाण्याच्या बदललेल्या वाटेतली हवा पुन्हा एकदा काढायची आहे, आणि पॅनमध्ये तेलाच्या तापमानाचा सेन्सर बसवायचा आहे.